तुम्ही विचारलंत म्हणून : गुहागरात राहायचं तर गाडी कुठली?

पुण्या-मुंबईहून घरी आलेला पाहुणा चहा संपेपर्यंत दम धरतो आणि मग विचारतो, "आम्हीही निवृत्तीनंतर इकडेच यायचं म्हणतोय. गाडी कुठली घ्यावी हो?" विचारताना त्याच्या डोळ्यांसमोर एक गाडी उभी असतेच. उंच, रुंद, फोर बाय फोर, टपावर कॅरियर. घाट, पाऊस, चिखल, समुद्र म्हटल्यावर अशीच हवी, असा त्याचा हिशोब. मग नजर आमच्या शेडकडे जाते. तिथे एक पेट्रोल वॅगन-आर, हाताने गिअर टाकायची, आणि शेजारी हिची स्कूटर. "तुमचं एवढ्यावर भागतं?"

भागतं. का भागतं ते चहाच्या वेळात सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

माझी सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये गेली. इंजिनातलं फार कळतं असा माझा दावा नाही. पत्रा कुठे, कसा आणि का गंजतो, एवढं मात्र कळतं, आणि समुद्राकाठी गाडी संपते ती बहुतेक वेळा पत्र्यानेच. इंजिन ठणठणीत, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा शाबूत आणि दारांना खालून भोकं, अशा गाड्या इथे वाडीवाडीत दाखवता येतील.

पण गंजाच्याही आधी एक काम करा. शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी, जिथे राहणार तिथल्या बाजारपेठेत जा. आम्हाला शृंगारतळी. तिथल्या गॅरेजवाल्याला विचारा की कुठल्या गाडीची क्लच प्लेट, ब्रेक लायनर, व्हील बेअरिंग आज संध्याकाळपर्यंत मिळेल? तो चार-पाच गाड्यांची नावं घेईल. तुमची निवड त्या चार-पाचांतच करायची. चिपळूण आमच्यापासून पंचेचाळीस किलोमीटर. कंपन्यांची मोठी वर्कशॉप तिकडे. जुलैत दरड आली, रस्ता खचला, की चिपळूणही लांब आणि पुणं तर त्याहून लांब. अशा वेळी गाडी किती हुशार आहे याला काही अर्थ नसतो, ती गावातल्या पोराला उघडता येते का, एवढाच प्रश्न उरतो. वॅगन-आर १९९९ पासून रस्त्यावर आहे. सध्याचा साचा २०१९ चा. तिचे नट कुठल्या पान्याने सुटतात हे इथे कुणाला पुस्तकात बघावं लागत नाही.

ऑटोमॅटिक मी घेतली नाही, तीही याच कारणासाठी. या स्वस्तातल्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे एएमटीत, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक यंत्रणा करते. ती बिघडली तर तपासायला स्कॅनर लागतो. पण डावा गुडघा गेलेला असेल तर माझं ऐकू नका, सरळ ऑटोमॅटिक घ्या. घाटात दुखऱ्या पायाने क्लच सांभाळण्यापेक्षा चिपळूणची एखादी फेरी परवडली.

आता रुंदी. गुहागर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको : खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत एकच लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरं, आणि समुद्राच्या बाजूच्या घरांमागे थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या. बेडी म्हणजे कुंपणाची फाटकं, गडगे म्हणजे दगडी कुंपणं, आत जायच्या वाटा, सगळं बैलगाडीच्या मापाचं. वॅगन-आर १६२० मिलिमीटर रुंद. स्कॉर्पिओ-एन १९१७. फरक जवळजवळ फुटाचा. समोरून एसटी आली की तो फूट म्हणजे काय ते समजतं. ड्रायव्हर हात बाहेर काढून शांतपणे 'मागे घ्या' अशी खूण करतो, आणि आपल्या मागे एक रिक्षा, दोन मोटारसायकली आणि एक म्हैस असते.

उंचीचं बोलाल तर गाडी जमिनीपासून किती उंच, याइतकीच सीट किती उंच हीसुद्धा बघा. आपल्या वयात गाडीत बसता आलं पाहिजे. चढावं लागू नये आणि खड्ड्यात उतरल्यासारखं बुडावंही लागू नये. शोरूममध्ये जाताना घरातलं सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस बरोबर न्या. माझ्या थोरल्या वहिनींना नेलं होतं. तीन गाड्यांत बसल्या, दोनदा "अगं बाई" म्हणाल्या, तिसऱ्यात काहीच म्हणाल्या नाहीत. ती घेतली. रात्री-अपरात्री कुणाला चिपळूणला किंवा डेरवणच्या हॉस्पिटलात न्यायची वेळ आली, तर त्या माणसाला मागच्या सीटवर सुखाने आडवं-तिरकं बसवता येतं का, हे सनरूफपेक्षा महत्त्वाचं.

आता माझ्या विषयाकडे येतो.

लोकांना वाटतं, गंज पावसाने चढतो. अर्धंच खरं आहे. वाऱ्याबरोबर समुद्राचे तुषार येतात, त्यातलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला दमटपणा ओढून घेतं. त्यामुळे कोरड्या दिवशीही पत्र्यावर खारट पाण्याचा न दिसणारा थर राहतो. टप, बॉनेट, काचा पावसात धुऊन निघतात. पाऊस जिथे पोहोचत नाही तिथे मीठ वर्षभर मुक्काम करतं : चाकांच्या कमानींच्या आत, दारांच्या खालच्या कडांना, सायलेन्सरच्या पट्ट्यांवर, स्टेपनीच्या खाली. गाडी वरून लखलखत असते आणि खालून संपत असते.

कारखान्यात बॉडी आधी फॉस्फेटच्या टाकीत बुडते आणि मग ईडीच्या. ईडी म्हणजे छापे घालणारी नव्हे. विजेच्या मदतीने सांदीकोपऱ्यात प्रायमर चढवणारी टाकी, एवढाच तिचा अर्थ. ती टाकी जवळपास सगळीकडे पोहोचते, पण दाराचा बाहेरचा पत्रा जिथे आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो त्या घडीत पुरती शिरत नाही. म्हणून त्या घडीवर सीलर मारतात. आणि दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवतात. समुद्राकाठी गाडीचं आयुष्य बऱ्याच अंशी या भोकांवर अवलंबून आहे.

ती भोकं मी अशी साफ करतो. खळ्यात पाट टाकून बसायचं, दार सताड उघडायचं आणि खालच्या कडेवरून बोट फिरवायचं. भोक हाताला लागतं. त्यात झावळीचा हीर, म्हणजे पात्याची मधली काडी घालायची. हीर बरा, कारण तो वाकतो आणि रंग खरवडत नाही. तार मुळीच वापरू नका. दोनदा आतबाहेर केला की आधी वाळू पडते, मग कुजलेल्या पानांचा काळा लगदा, आणि कधी कधी इतके दिवस आत साचलेलं पाणी बारीक धारेने बाहेर येतं. ते पाणी कोरड्या दिवसांतही निघतं, हे बघितलं की माणसाला पटतं. सगळी दारं आणि डिकी मिळून चहा गार व्हायच्या आत काम होतं.

धुवायचं तर गोड्या पाण्याने, आणि वरून कमी, खालून जास्त. इथे एक मेख आहे. पुळणीजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने गाडी धुणं म्हणजे मीठ धुऊन मीठच लावणं. पाणी आधी चाखून बघा. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलात, की आल्यावर खालून पाणी मारायचंच. खाडीच्या तोंडाशी वारा असला तर तुषार थेट गाडीवर येतात. बाकी ही फेरीबोट म्हणजे आमचं सुखच. २००३ पासून चालू आहे, दापोलीला जायचा केवढा वळसा वाचतो.

आगोटीला जशी कौलं शाकारून घेतो, लाकडं भरतो, तशी गाडीचीही मे महिन्यात तयारी करायची. रॅम्पवर चढवून खालून धुवायची, चांगले दोन दिवस उन्हावाऱ्यात वाळवायची, आणि मग खाली मेणाचं कोटिंग मारून घ्यायचं. काळं, रबरासारखं जाड कोटिंग दिसायला भारदस्त असतं, पण त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि आतल्या आत पत्रा खात राहतं, आपल्याला पत्ता नसतो. मेणाचा थर तसा दिसायला गचाळ, पण गंज लपवत नाही. बॅटरीच्या टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.

कव्हर घालू नका. आत दमटपणा कोंडतो आणि वाऱ्याने फडफडून वाळू रंगावर घासली जाते. त्यापेक्षा बाजूंनी मोकळी शेड बांधा, तीही घराच्या रस्त्याकडच्या अंगाला. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरमध्येच हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं, त्यामुळे मध्ये घराची आणि झाडांची आड असली तरी फरक पडतो. आणि माडाखाली गाडी लावू नका. हे सांगायला नको असं वाटतं, पण सावली बघून नेमके तिथेच लावणारे पाहुणे दरवर्षी येतात. नारळ राहू दे, नुसती वाळकी झावळ पडली तरी काच जाते.

डिझेल की पेट्रोल? इथे राहायचं असेल तर पेट्रोल. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते, आणि तिच्यात साचलेली काजळी जाळायला गाडी बराच वेळ तापून पळावी लागते. आपली फेरी दूध, मासे, बँक, व्याडेश्वराचं देऊळ. गाळणी तापणार कधी? मात्र छोट्या फेऱ्यांचा फटका पेट्रोल गाडीलाही आहेच. सायलेन्सर नीट तापत नाही, आत पाणी राहतं आणि तो आतून सडतो. म्हणून काही काम नसलं तरी अधूनमधून चिपळूणपर्यंत एक चक्कर मारायची. आम्ही भाजीचं निमित्त काढतो.

इलेक्ट्रिकचं हल्ली फार विचारतात. सायलेन्सरच नाही, म्हणजे सडायची एक जागा कमी. चिपळूणला जाऊन परत यायला घरच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर रात्रभर चार्ज केलेली छोटी गाडीसुद्धा पुरते. पण जून २०२० मधलं निसर्ग वादळ आठवा. दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवड्यांवर आठवडे दिवे नव्हते. एरवीही झावळ तारेवर पडली की अंधार ठरलेला. घरातली एकच गाडी असेल तर मी आज इलेक्ट्रिक घेणार नाही. स्कूटर इलेक्ट्रिक घ्या, खुशाल घ्या.

जुनी घेणार असाल तर घाटावरची घ्या, किनाऱ्यावरची नको. दाराची रबरी पट्टी ओढून खालचा पत्रा बघा, स्टेपनी उचलून खड्डा बघा, सीट सरकते त्या रुळांवर टॉर्च मारा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या याला गणती नाही. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला आणली, तरी गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते.

टायर नवेच दिसतात म्हणून समाधान मानू नका. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आपली धाव कमी, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. म्हातारपणाचा विषय निघालाच आहे तर, पंचावन्ननंतर लायसन्सही पाच-पाच वर्षांचंच मिळतं, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. ते बरंच आहे. मी स्वतः रात्री घाट उतरत नाही.

मोठ्या गाडीच्या बाजूने शेवटचा मुद्दा असतो तो सामानाचा आणि माणसांचा. सिमेंट, चिरे, कपाट आणायचं तर छोटा हत्ती फोनवर येतो. नातवंडं चिपळूण स्टेशनवर उतरली आणि माणसं जास्त झाली तर जीप भाड्याने मिळते. पंचाहत्तरी गाठली की एसटी फुकट, त्याआधी पासष्टनंतर अर्धं तिकीट. वर्षातल्या चार दिवसांसाठी सात सीटांची गाडी बाराही महिने मीठ खात उभी ठेवायची हे मला तरी पटत नाही.

राहिली फोर बाय फोर. ती घेणाऱ्याला पुळणीवर न्यायची असते, हे उघड गुपित आहे. सुट्ट्यांत भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली गाडी आणि तिला ओढायला आलेला ट्रॅक्टर हे दृश्य कोकणाला नवीन नाही. शिवाय गुहागरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. पुळण ही गाडी न्यायची जागाच नव्हे, मग ती चारी चाकांवर ओढो की सहा.

रंग कुठला, हेही विचारतात, आणि मला विचारलं म्हणजे मी उत्तर देणारच. साधा पांढरा. मेटॅलिक नको, पर्ल नको. गंजाचा पहिला पिवळट डाग पांढऱ्यावर लगेच दिसतो, आणि टच-अप केला तर साध्या पांढऱ्यावर ठिगळ कळत नाही. हिला लाल हवी होती. म्हणून स्कूटर लाल आहे, आणि गावात जास्त फिरते तीच.