आमची वाटचाल : पुसलेल्या नावापासून

जुनी घड्याळं दुरुस्त करण्याच्या आमच्या कामाच्या वहीत पहिल्या नोंदीपुढे 'साफ केले, तेल दिले, चालू' एवढंच लिहिलंय. ते टोल्यांचं भिंतीवरचं घड्याळ होतं. तबकडीवर बाराच्या खाली बारीक काळ्या अक्षरांत एक नाव होतं. तबकडी मळकट दिसली म्हणून मी साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून हलकेच फिरवला. आकडे जागच्या जागी राहिले, नाव मात्र कापसावर आलं. मिन्याच्या तबकडीचे आकडे भट्टीत भाजून पक्के केलेले असतात. विकणाऱ्या दुकानाचं नाव पुष्कळदा नंतर वरून रंगवलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. मालक भले, काही बोलले नाहीत. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघंच होतो. एक टेबल, एक भिंग, चिमटे, आणि जुन्या बाजारातून गोळा केलेली बंद घड्याळं. तो लाकडी पेटीचं काम बघायचा, मी आतल्या मशीनचं. आजही वाटणी तीच आहे.

त्या चुकीनंतर नियम केला : घड्याळ आलं की आधी फक्त बघायचं, फोटो काढायचे, हात नंतर लावायचा. त्यातूनच ओळख पटवण्याचं काम वाढलं. तबकडीवरचं नाव बनवणाऱ्याचं असेलच असं नाही. खरी खूण मागच्या पितळी पत्र्यावर सापडते. आठ टोकांची चांदणी आणि आत इंग्रजी 'J' अक्षर असेल तर युंगहान्स, एकमेकांना छेदणारे दोन बाण असतील तर हॅम्बर्ग अमेरिकन; दोन्ही घड्याळं बनवणाऱ्या जर्मन कंपन्या. ब्रिटनच्या १८८७च्या आणि अमेरिकेच्या १८९०च्या कायद्यांनंतर आयात मालावर देशाचं नाव घालणं सुरू झालं, त्यामुळे 'मेड इन जर्मनी' असेल तर घड्याळ त्यानंतरचं असण्याचीच शक्यता जास्त. नाव नसेल तर त्यावरून मात्र काहीच ठरत नाही.

पेटीची मागची फळीही बरंच सांगते. मशीन बसवलेल्या जागेजवळ स्क्रूची जुनी रिकामी भोकं दिसली, की पेटी एका घड्याळाची आणि मशीन दुसऱ्याचं असण्याचा संशय येतो. असं निघालं तर आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. काही जण नाराज होतात, तरी सांगतो.

दुरुस्तीत आमचा सगळ्यात जास्त वेळ छिद्रांवर जातो. चाकाच्या आसाचं टोक पितळी पत्र्याच्या छिद्रात फिरतं. तेलात धूळ मिसळली की तिचा घासकागद होतो, गोल छिद्र लांबट होत जातं, चाकं एकमेकांपासून सरकतात आणि घड्याळ थांबतं. पूर्वीच्या कारागिरांनी अशा छिद्राभोवती पंच मारून पितळ आत ढकललेलं असतं; भिंगाखाली छिद्राभोवती ठिपक्यांचं कडं दिसतं. त्यानं चार दिवस काम भागतं. आम्ही छिद्राचा मूळ मध्य शोधून ते मोठं करतो आणि त्यात नवा बुश, म्हणजे मधे छिद्र असलेली बारीक नळी, दाबून बसवतो. मध्य केसभर चुकला तर पुढचं चाक अडकतं. आणि हे सगळं करण्याआधी मुख्य स्प्रिंग सावकाश सैल करायची. ताणलेली स्प्रिंग एकदम सुटली तर दाते उडतात, बोटंही फाटतात.

बंद म्हणून आलेली कितीतरी घड्याळं मुळात बिघडलेलीच नसतात. पेटी तिरकी टांगली की टिकटिक लंगडते आणि लंबक थोड्या वेळानं विसावतो. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं ऐकू येईपर्यंत पेटी हलवायची, एवढाच इलाज. अशा कामाचे आम्ही पैसे घेत नाही.

मिनिटभर मागेपुढे होतं म्हणून फोन येतात, तेव्हा लंबकाचं गणित समजावतो. एका झोक्याला एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. त्यात १ मिलिमीटरचा फरक पडला तर दिवसाला ४३ सेकंदांचा फरक पडतो. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं, तेव्हापासून हे गणित बदललेलं नाही. लंबकाखालचा नट वर फिरवला की घड्याळ पुढे जातं, खाली फिरवला की मागे पडतं.

एक काम मात्र आम्ही घेत नाही. जुन्या गजराच्या घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर रेडियमचा रंग असतो. चमक कधीच विझलेली असते, पण रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. तो रंग खरवडू नका, त्याची भुकटी श्वासातून आत जाऊ देऊ नका, एवढं कळकळीनं सांगतो.

आता प्रत्येक पेटीत आम्ही एक चिठ्ठी ठेवतो : काय बदललं, काय मूळचं आहे, तारीख. मधे वहीतल्या पहिल्या नोंदीचं तेच घड्याळ परत आलं. मालकांची मुलगी घेऊन आली होती. चार छिद्रांत बुश घातले, टोल्यांचं चक्र जुळवलं. बाराखालचं नाव पुन्हा रंगवून द्या, असं ती म्हणाली. अक्षरांचं वळण मला आठवत नव्हतं आणि फोटो तेव्हा काढलाच नव्हता, म्हणून नाही म्हटलं. चिठ्ठीत शेवटची ओळ भावानं नाही, मी स्वतः लिहिली : 'तबकडीवरचे नाव पहिल्या सफाईत आमच्या हातून पुसले गेले.'