बाईंनी ऐकवलेलं भूत

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि कानात पहिल्यांदा प्रयोगशाळेचं दार करकरलं. मग बाई आठवल्या. बाई म्हटल्यावर कोणत्या, हे आपल्या शाळेत कोणाला सांगावं लागत नाही.

२००७ साली आम्ही नववी ‘ब’त होतो. संमेलनात नाटकाऐवजी सिनेमा दाखवायचं ठरलं, कारण माझा मामा लग्नाचं शूटिंग करायचा आणि त्याचा जुना कॅमेरा मिळणार होता. सिनेमा भुताचा, यावर एकमत. रामसे बंधूंचे सिनेमे केबलवर चोरून पाहून काय काय लागतं ते पाठ झालेलं. पांढरी साडी, मोकळे केस, विझणारी मेणबत्ती, काळं मांजर, भर पावसात बंद पडणारी गाडी. गाडी कुठून आणणार? मांजर एका जागी थांबेना. आणि साडी नेसलेला आमचा मित्र पडद्यावर आला की वर्ग खो-खो हसायचा.

बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे, भूत दाखवू नका. ऐकवा.”

पुढचा आठवडा प्रयोगशाळा आमची झाली. सुपात ज्वारी हळूहळू फिरवली की पाऊस पडायचा. पत्रा एका टोकाला धरून हलवला की ढग गडगडायचे. सोलापुरी चादर बाकाच्या कडेवरून सावकाश ओढली की वारा सुटायचा. रिकाम्या माठात तोंड घालून श्वास सोडला तर तो माणसाचा राहतच नसे. तो का बदलतो हे बाईंनी तिथेच फळ्यावर काढून दाखवलं. हवेचा स्तंभ, अनुनाद. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा आमच्यापैकी एकाचाही चुकला नाही.

हाडं मोडल्याचा आवाज मात्र जमेना. काड्या मोडल्या, चिपाडं मोडली. शेवटी बाईंनी डब्यातली कडक भाकरी काढली. ती मोडली तर पापड मोडल्यासारखी वाजली. बाईंनी नळाखाली टॉवेल ओला केला, घट्ट पिळला, भाकरी त्यात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी सावकाश पिरगाळली. ओल्या कापडाने वरचा चुरचुरीत आवाज खाऊन टाकला, आतला तेवढा राहिला. माझ्या अंगावर काटा आला. आजही हे लिहिताना येतोय.

अडचण एकच होती. आपली शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मागची सगळी गल्ली यंत्रमागाच्या कारखान्यांची. मागांची खटखट आपल्या कानांना कळतही नाही, पण टेपवर प्रत्येक आवाजामागे तीच. म्हणून आम्ही लोडशेडिंगची वाट पाहायचो. वीज गेली, माग थांबले, की सेलवरचा टेपरेकॉर्डर सुरू. त्या दिवशी बाईंनी भाकरी पिरगाळली, आम्ही श्वास रोखून उभे, आणि वीज वेळेआधीच आली. आधी एक माग धडधडला, पाठोपाठ सगळी गल्ली. मी टेप बंद करायला धावलो.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. मग टॉवेल झटकत त्यांनी जे सांगितलं, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्यांचे वडील गिरणीत होते. घरातलं सगळं भोंग्यावर चालायचं. उठणं, डबा, शाळा. “एके दिवशी भोंगा झालाच नाही. घरात कोणी काही बोललं नाही. आई चुलीपुढे नुसती बसून होती. तेवढी भीती मला पुन्हा कशाचीच वाटली नाही.”

सिनेमाच्या शेवटी आम्ही हाड मोडू दिलं, सात सेकंद काहीच ऐकवलं नाही आणि मग तो पहिला माग सोडला. संमेलनाला आलेले अर्धे पालक मागावर काम करणारे. त्या सात सेकंदांत मैदानावर कोणी हललं नाही. माग धडधडला तेव्हा सगळं मैदान दचकलं.

ही युक्ती जुनी आहे, हे मला फार पुढे कळलं. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रस्त्याने एकटी चाललेली बाई, तिच्या सँडलची टकटक, मग शांतता, आणि एकदम बाजूने फिस्कारत येऊन थांबणारी बस. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून अशा दचकवण्याला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. सिनेमासाठी पावलं, कपडे, दारं यांचे आवाज वेगळे करून भरण्याच्या कामाला युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फॉलींचं नाव आहे. मी आज मुंबईत तेच काम करतो. मालिका, सिनेमे, दोन भयपटही झाले. माझ्याकडे विकतच्या आवाजांची मोठी लायब्ररी आहे, पण हाडांसाठी कडक भाकरी सोलापूरहूनच नेतो. पातळ, खडखडीत वाळलेली, नव्या पेठेतून. तशी मुंबईत मिळत नाही.

दिवाळीत शाळेत गेलो होतो. वर्गांत गुळगुळीत टाइल्स बसल्या आहेत. शहाबादी फरशीवर बाक ओढला की जो आवाज पोटात जायचा, तो आता होतच नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहेत, आवाज एका बोटावर मिळतात. मिळू देत. पण ज्वारीचं सूप हातात धरून पाऊस पाडायला त्यांना कोणी सांगत असेल का, या विचाराने मला वाईट वाटलं. बाईंना आता कमी ऐकू येतं. मी माझं काम त्यांना हेडफोन लावून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले आणि एका ठिकाणी हात वर केला. “इथे अजून थांब,” म्हणाल्या. मुंबईत येऊन मी तिथे दोन सेकंद वाढवले.

जुनी प्रयोगशाळा सुवर्णमहोत्सवानंतर पाडणार असं कळलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी रेकॉर्डर घेऊन येतोय. तोपर्यंत त्या दाराच्या बिजागऱ्यांना कोणी तेल घालू नये, एवढी शाळेला हात जोडून विनंती.