तुम्हाला नाही कळायचं ते

मंगळवार, रात्री उशिरा

‘तुम्हाला नाही कळायचं ते.’

आवाज चढवून नाही, चिडून नाही. प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता, मान वर न करता डॉक्टर म्हणाले. आणि तेही आईला नाही, मला. आई समोर बसलेली असताना आईबद्दल मला सांगत होते. ‘आजींना सांगा, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.’ तिने गोळी बंद केलीच नव्हती. ती एवढंच सांगत होती की नवी गोळी घेतली की तासाभराने उठताना गरगरतं. मी म्हटलं, ‘सर, तिने सगळं लिहून आणलंय, एकदा बघता का?’ त्यावर हे उत्तर. पुढच्या पेशंटची फाईल तोवर टेबलावर आलीसुद्धा.

चार दिवस झाले. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, एवढा मोठा डॉक्टर, त्याला कळतं काय करायचं ते. दादाशी वाद नको. तो तिकडे आहे, त्याला इकडचं… असो.

तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. पाठकोरा कागद, पट्टीने मारलेल्या रेघा, चार रकाने. तारीख, गोळी किती वाजता, चक्कर किती वाजता, तेव्हा काय करत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंचं अक्षर, शिरोरेषा एका ओळीत. ‘स. 9.10 – ओट्यापाशी. ओटा धरला.’ ‘स. 9.25 – देवघरातून उठताना. खाली बसले.’ आणि एका दिवशी, ‘गोळी दुपारी घेतली (विसरले). सकाळी काही नाही. दु. 2.40 चक्कर.’ ही एक ओळ वाचायला किती वेळ लागतो? गोळीची वेळ सरकली तशी चक्करही सरकली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने घरात बसून, कुणी न सांगता शोधून काढलं हे. आणि तिला नाही कळायचं!

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, पूर्ण वाचला. मग आईला पाच मिनिटं आडवं करून बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. आडवी असताना वरचा आकडा 150, उभी राहिल्यावर 118. वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर दखल घ्यायची असते, म्हणाले. त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या असिस्टंटला फोन लावला, बोलणं झालं, डोस कमी झाला, गोळी रात्री झोपताना घ्यायची ठरली. रात्री उठायचं तर आधी काठावर बसून मगच उठायचं, हेही आईलाच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

म्हणजे प्रश्न सुटला. मग मी का अडकून बसलेय? आईचं बरोबर निघालं म्हणून मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कारण समजा, तिचं चुकलं असतं, चक्कर कानामुळे किंवा मानेमुळे येत असती, तरी ते वाक्य तितकंच लागलं असतं. तिला औषधातलं कळत नाही हे खरंच आहे. पण तिला तिचं शरीर कळतं, आणि ते त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

गोळीचं नाव प्राझोसिन. आईने पाकिटावर वाचलं आणि म्हणाली, ‘अगं, ही तर विंचवाची गोळी!’ ती महाड तालुक्यात शिकवायला होती. लाल विंचू चावलेलं पोर घामाने निथळत, उलट्या करत, हातपाय गार पडलेलं, झोळीतून नेताना तिने पाहिलंय. डॉ. हिंमतराव बावस्कर तेव्हा बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. अशा पेशंटच्या खाटेशी बसून ते बघत राहिले, लिहीत राहिले, घाम कधी, उलटी कधी, फुप्फुसात पाणी कधी भरतं. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं. त्या उपचाराने कोकणातली किती माणसं वाचली. 1982 साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 2022 ला पद्मश्री मिळाली. आईला उभं राहताना चक्कर येते तीही त्याच गुणामुळे, वाहिन्या सैल पडतात आणि रक्त पायाकडे उतरतं. एकाच औषधाचा गुण आणि दोष. दोन्ही कळले ते कुणीतरी बघून लिहून ठेवलं म्हणून. तिकडे डॉक्टरांनी, इकडे आईने.

अमेरिकेत 1984 साली एक अभ्यास झाला होता. पेशंट आपली तक्रार सांगायला लागला की सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्ये तोडतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडे तर मुळात भेटच सरासरी दोन मिनिटांच्या आसपासची, असं 67 देशांची आकडेवारी गोळा करणाऱ्या 2017 च्या एका पाहणीत आलंय. हे आकडे मी रागाच्या भरात शोधले आणि वाचता वाचता राग थोडा उतरला. बाहेर साठ माणसं ताटकळत बसलेली मीही पाहिली होती. पण ‘आज वेळ नाही, कागद ठेवून जा’ म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो.

आणि हे फक्त पेशंटच्या वाट्याला येतं असंही नाही. बाबांच्या वेळी आयसीयूबाहेर बसून सगळं बघितलंय. सर आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला बोलायचे, आरएमओ सिस्टरला, सिस्टर मावशींना, आणि मावशी आम्हाला, ‘इथे उभं राहायचं नाही, सांगितलेलं कळत नाही का?’ वरून आलेलं पायरी पायरीने खाली उतरत आमच्यापर्यंत पोचायचं. बाबांचं बाकीचं आज नको.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची गोष्ट मला यासाठीच सारखी आठवते. कोलकात्यात त्यांच्या प्रयत्नांतून 3 ऑक्टोबर 1978 ला दुर्गा जन्मली, भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, जगातल्या पहिलीनंतर अवघ्या 70 दिवसांनी. सरकारने समिती नेमली. समितीतल्या कुणाचंच या विषयात काम नव्हतं, तरी त्यांनी मुखोपाध्यायांना खोटं ठरवलं. जपानला जाऊन काम मांडायची परवानगी नाकारली. शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली. जून 1981 मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. तेही डॉक्टर, समोर बसलेलेही बहुतेक त्यांच्यासारखेच शिकलेले, तरी त्यांच्यावर ही वेळ आली.

1986 ला मुंबईत केईएम रुग्णालयात जन्मलेलं बाळ भारतातलं पहिलं मानलं गेलं. त्यामागच्या शास्त्रज्ञांपैकी एक डॉ. टी. सी. आनंद कुमार. 1997 साली त्यांच्या हातात मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं आली. त्यांनी ती बसून वाचली आणि जाहीरपणे सांगितलं की पहिले आम्ही नाही, ते होते. स्वतःच्या नावावरचा मान स्वतः काढून दुसऱ्याला दिला. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. आधीच्या मंडळींना जे जमलं नाही ते याच माणसाला का जमलं, याचं उत्तर मला सापडत नाही. हुशारी तर दोन्हीकडे होती.

आईला या सगळ्याचं काहीच नाही. मी तणतणत होते तेव्हा ती मटार सोलत होती. म्हणाली, ‘बँकेतही तसंच बोलतात गं माझ्याशी. मोठ्याने आणि सावकाश. मला ऐकू येतं की व्यवस्थित.’ मग जरा थांबून, ‘शाळेत पालक यायचे, चपला बाहेर काढून दारातच उभे राहायचे. त्यांना आधी खुर्चीवर बसवावं लागायचं, त्याशिवाय पोराबद्दल खरं काही सांगायचेच नाहीत.’ तिचं बोलणं तिथेच संपलं. तिने सालं गोळा केली आणि शेजारच्या काकूंच्या गाईसाठी बाजूला ठेवली.

मला संताप येतो आणि तिला येत नाही, याचंही आधी वाईट वाटलं. आपल्या माणसांनी इतकी वर्षं ऐकून घेतलंय की आता त्यांना टोचतही नाही, असं वाटून परवा रात्री रडले. आज तसं वाटत नाहीये. तिला टोचतं, नाहीतर बँकेचं बोलली नसती. पण टोचलं म्हणून ती लिहायची थांबत नाही. कालपासून नव्या डोसचे रकाने सुरू झालेत.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जायचंय. डॉक्टर बदलावा असं मनात आलं होतं. पण अँजिओप्लास्टी त्यांनीच केली, मध्यरात्री येऊन केली, आणि आई आज चालतेय ती त्यामुळे. तेही तितकंच खरं आहे आणि ते मी विसरणार नाही. त्यांचा हात उत्तम आहे. म्हणूनच तर ऐकून घेतलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटत राहतं.

आत गेल्यावर यावेळी मी खुर्ची जरा मागे घेणार आहे. ते माझ्याकडे बघून विचारायला लागले की म्हणणार, ‘डॉक्टर, आईलाच विचारा, ती सांगेल.’ वहिनी म्हणते, उगाच त्यांना दुखवू नका, आपली गरज आहे. गरज आहेच. तरी म्हणणार आहे.