तेराव्या फेरीचं काय करायचं?

बेळगाव भागात यात्रेच्या कुस्ती मैदानाचं पत्रक भिंतीवर लागलं की लोक तारीख नंतर बघतात, आधी जोड बघतात. नंबर एकला कोण, दोनला कोण, आणि ही जोड लावली कुणी. मैदान अजून आठवड्यावर असतं, पण चहाच्या टपरीवर निकाल लागायला सुरुवात झालेली असते. ‘ह्यो वजनाला भारी हाय, पण दम नाही.’ ‘त्याचा घिस्सा बघितलायस काय?’ येळ्ळूर असो, कंग्राळी असो, नाहीतर निपाणीकडचं एखादं गाव, जोड लावणं हा आमच्याकडे कुस्तीइतकाच मोठा खेळ आहे आणि त्याला अंगाला माती लावून घ्यावी लागत नाही.

तेव्हा जगातल्या झाडून सगळ्या हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियनांना एका रिंगणात उतरवायची खोड आम्हाला लागली, यात नवल काही नाही. आमच्या पिढीला ती टायसनमुळे लागली. 1986 मध्ये, वयाची एकविशी गाठायच्या आत तो जगज्जेता झाला आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीपासून जरा अंतर राखून त्याचाही फोटो आला. माझा एक मित्र आजही टायसनच्या पुढे कुणाला मोजत नाही. 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला आडवा केला, हे आठवण करून दिलं की तो चहा अर्धा टाकून उठतो.

त्याचं एक म्हणणं मात्र सोपं नाही. तो म्हणतो, जुने लोक अंगानंच लहान होते. खरं आहे. रॉकी मार्सियानो 49 लढती लढला आणि 49 जिंकला, पण त्याचं वजन साधारण 84 किलो. आजच्या नियमांनी तो हेवीवेटात बसतच नाही, खालच्या क्रूझरवेटमध्ये जातो. टायसन फ्युरीची उंची 206 सेंटिमीटर. त्याच्यासमोर मार्सियानो म्हणजे पत्रकावर छापायलाही लाज वाटावी अशी जोड. पण मग 1919 चं काय? जॅक डेम्प्सी 85 किलोंचा, समोर जेस विलार्ड 111 किलोंचा, आणि पहिल्याच फेरीत डेम्प्सीनं त्याला सात वेळा खाली पाडलं. आणि 2024 मध्ये रियाधला याच फ्युरीला हरवणारा उसिक आला होता तो त्या क्रूझरवेटमधूनच. वजनकाटा पुष्कळ सांगतो, निकाल सांगत नाही.

माझ्या मते वजनापेक्षा मोठा घोळ आहे तो अटींचा. हे आमच्या तालमीतल्या लोकांना सांगावं लागत नाही. तिथं वाद श्रीपती खंचनाळेंवरून होतो. खंचनाळे मूळचे चिकोडीकडच्या एकसंब्याचे, 1959 मध्ये बंता सिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झालेले. आजच्या मॅटवरच्या पोरांकडे बघून म्हातारी माणसं म्हणतात, खंचनाळेंपुढं हा किती वेळ टिकला असता? त्यावर पोरं विचारतात, कुस्ती कसली, निकाली का गुणांवर? पाठीला माती लागेपर्यंत लढायचं असेल तर एक उत्तर, सहा मिनिटांत गुण मोजायचे असतील तर दुसरं. बिनतोड प्रश्न आहे. बॉक्सिंगवर बोलणारे भलेभले तो विचारायचा विसरतात.

जॅक जॉन्सन 1915 मध्ये हवानात हरला, ती लढत ठरली होती 45 फेऱ्यांची. तो पडला सव्विसाव्या फेरीत. पुढे जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवर आल्या. 1982 मध्ये लास वेगासला कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर पंधराच्या बारा झाल्या. निर्णय रास्तच होता. पण आजची ती बारा फेऱ्यांची पट्टी मागच्या लोकांना लावून बघा, काय होतं.

1941, न्यूयॉर्क. जो लुईससमोर बिली कॉन, दहा किलोंहून जास्त हलका. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन पंचांच्या कागदावर कॉन पुढे होता आणि तिसऱ्याकडे बरोबरी होती. कॉनला वाटलं, नुसता जिंकून काय उपयोग, याला झोपवतोच. गेला अंगावर, आणि तेराव्या फेरीत स्वतःच झोपला. 1952, फिलाडेल्फिया. वॉलकॉटनं पहिल्याच फेरीत मार्सियानोला खाली बसवलं, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही कागदांवर वॉलकॉट पुढे. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा हात लागला आणि वॉलकॉट दोरीला लटकला. म्हणजे आजच्या अटींवर लुईसचं पद 1941 मध्येच गेलं असतं. ते प्रत्यक्षात 1937 पासून 1949 पर्यंत टिकलं, 25 वेळा राखलं गेलं. आणि मार्सियानोचे ते 49 पैकी 49 कुणी ऐकलेच नसते.

हाच मार्सियानो 1956 च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. तेव्हापासून दोन्ही वाद चालू आहेत, आणि त्यातला एक तर सुप्रीम कोर्टात आहे. न सुटणाऱ्या वादाची आम्हाला सवय आहे, एवढंच म्हणायचं.

जोड लावायचं काम एकदा यंत्राकडेही दिलं होतं. सैन्यात जायला नकार दिला म्हणून 1967 मध्ये मुहम्मद अलीचं पद काढून घेतलं होतं, लढायला बंदी, कमाई बंद. मार्सियानो पंचेचाळिशीत. दोघांची सगळी माहिती कॉम्प्युटरला दिली आणि 1969 मध्ये मायामीत या दोघांना खरोखरच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मार्सियानोनं त्यासाठी बरंच वजन उतरवलं, टकलावर टोप चढवला. एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या झाल्या, शेवटही वेगवेगळे चित्रित केले, म्हणजे खरा निकाल त्या दोघांनाही कळू नये. नूरा कुस्तीतसुद्धा पैलवानांना कोण पडणार ते ठाऊक असतं! 1970 च्या जानेवारीत चित्रपटगृहांत ती दाखवली तेव्हा मार्सियानो जिंकला. कितव्या फेरीत? तेराव्या. यंत्राला वॉलकॉट पाठ असणार. मार्सियानोला हे बघायला मिळालं नाही. ऑगस्टच्या शेवटी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात तो गेला होता.

पण यंत्रालाही एक विचारायला हवं होतं, कुठल्या दिवसाचा अली? कुस्तीतलंच बघा, गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को 1910 मध्ये लंडनला अडीच तासांहून जास्त भिडले, निकाल नाही. 1928 मध्ये पतियाळात तीच जोड मिनिटाच्या आत आटोपली. लुईसला 1936 मध्ये श्मेलिंगनं बाराव्या फेरीत पाडलं, दोनच वर्षांनी लुईसनं त्याच श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवलं. माणसं तीच, दिवस वेगळे. मग नुसतं ‘अली विरुद्ध लुईस’ म्हणणं म्हणजे पैलवानाचं वय न विचारता जोड लावणं.

तेव्हा मी माझी जोड नीट लावलेली आहे. लुईस 22 जून 1938 चा, श्मेलिंगला संपवल्या रात्रीचा. अली 14 नोव्हेंबर 1966 चा, ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत उडवलं तेव्हाचा. दोघेही त्या दिवशी 24 वर्षांचे. एक साधारण 90 किलो, दुसरा 96. याहून बरोबरीची जोड कुठल्या यात्रा कमिटीनं लावून दाखवावी. माझा निकाल अली, गुणांवर.

टायसनवाल्या मित्रानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “फेऱ्या किती धरायलास?”

“पंधरा.”

“मग लुईस. तेराव्यात.”

मी म्हटलं, कॉन आपणहून अंगावर गेला म्हणून पडला, अली कशाला जाईल? त्यावर तो म्हणतो, अलीच्या तोंडाला दम होता काय? बोलत बोलत गेला असता की. आता यावर मला जोरदार उत्तर सुचलेलं आहे, पण ते द्यायला गेलो की तो डग्लसचा विषय निघायच्या आत उठून जातो, आणि चहाचे पैसे दोन्ही वेळा मीच देतो.