हारा ताकाशींच्या मागावर: तोक्यो स्टेशन ते मोरिओका

तोक्यो स्टेशनात मारुनोउचीच्या बाजूला दोन घुमट आहेत, अगदी जुळे. जपानचे एकेकाळचे पंतप्रधान हारा ताकाशी यांच्या खुनाची जागा दाखवणारी खूण शोधत मी उत्तरेकडच्या घुमटाखाली वीस मिनिटं फरशी न्याहाळत फिरलो. हवा होता दक्षिणेकडचा. तेव्हा तुम्ही थेट ‘मारुनोउची साउथ’ विचारा. सगळे माना वर करून छताचे फोटो काढत असतात. आपण तिकीट यंत्रांजवळ खाली बघायचं. एक लहानशी गोल खूण दिसेल आणि भिंतीवर जपानी पाटी. ४ नोव्हेंबर १९२१च्या संध्याकाळी पक्षाच्या सभेसाठी क्योतोला निघालेल्या पंतप्रधान हारा ताकाशींना इथे भोसकलं. मारेकरी नाकाओका कोनइची, ओत्सुका स्टेशनातला कोवळा सांधेवाला.

ही खूण गेटबाहेर आहे, तिकीट लागत नाही. १९३० साली याच स्टेशनात गोळी लागलेल्या पंतप्रधान हामागुचींची खूण मात्र गेटच्या आत आहे. गाडी पकडण्याआधी ती उरकून घ्या.

हारांच्या गावी, मोरिओकाला, हायाबुसा शिनकानसेन (बुलेट ट्रेन) सव्वादोन तासांत नेते; एका बाजूचे साधारण १५ हजार येन. सगळ्या जागा आरक्षित, त्यामुळे ऐन वेळी धावू नका. वाटेत शिन-शिराकावा स्टेशन झपकन मागे पडतं. १८६८च्या यादवीत ईशान्येकडची संस्थानं हरली, त्यात हारांचं नाम्बूही. ‘शिराकावाच्या उत्तरेला अख्खा डोंगर शंभर मोनला’, म्हणजे चिल्लर नाण्यांत, अशी जेत्यांची टिंगल असे. सामुराई घरातल्या हारांनी टोपणनावच घेतलं ‘इत्सुझान’, म्हणजे एक डोंगर! हा खवटपणा मला फार आवडला.

पत्रकारिता, परराष्ट्र खातं, मग सेइयुकाई पक्ष. १९१८मध्ये तांदळाच्या दंगलींनी आधीचं सरकार गेलं आणि हारा पंतप्रधान झाले. कनिष्ठ सभागृहातून आलेले पहिलेच. सरदारकी नाकारली म्हणून ‘सामान्यांचा पंतप्रधान’ म्हणवले गेले. पण मतदानासाठीची कराची अट १० येनवरून ३ येनवर आणणारा हा माणूस सर्व पुरुषांना मत द्यायला तयार नव्हता. बिरुद जरा सढळ हाताने दिलंय.

मोरिओकात टॅक्सीवाल्याला ‘हारा केई किनेनकान’ सांगा. ताकाशी हे नाव ज्या अक्षराने लिहितात त्याचं दुसरं वाचन केई; गावात त्यांना तेच म्हणतात. स्मारक संग्रहालय सोमवारी बंद असतं. माहिती बहुतेक जपानीत, फोन भाषांतरासाठी चार्ज करून न्या. शेजारीच जन्मघराचा उरलेला भाग आहे.

दाइजीजी देवळातली समाधी चुकवू नका. मृत्युपत्रात बजावल्याप्रमाणे दगडावर ना पद, ना किताब, फक्त नाव. मी तिथे संग्रहालयापेक्षा जास्त वेळ थांबलो. नदीकडे चालत आलात तर लाल विटांची जुनी बँक लागते. ओळखीची वाटेल, कारण तोक्यो स्टेशनचे वास्तुकार तात्सुनो किंगो यांचाच हात तिलाही लागलाय.

शाकाहारींनो, सोबा नूडल्सच्या रश्शात मासळीचा अर्क असतो. मी परतीच्या गाडीत तिळाच्या नाम्बू सेंबेईवर, म्हणजे इथल्या कुरकुरीत बिस्किटांवर, भागवलं. दोन पुडे घ्या, एक पुरत नाही.