तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सामानात समुद्र मावतो का?

घरी येणारा पाहुणा माझ्या खाऱ्या पाण्याच्या, समुद्री माशांच्या टाकीसमोर उभा राहतो, नारिंगी-पांढऱ्या दोन क्लाउनफिशकडे बघतो आणि चहा यायच्या आत विचारतो, "हे सगळं सेकंडहँड? केवढ्याला पडलं?" तीन फुटांची टाकी, लोखंडी स्टँड, खालचा संप (पाणी गाळून वर पाठवणारी दुसरी, छोटी टाकी), स्किमर (पाण्यातला मळ फेसावाटे काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंप) आणि लाईट मिळून चौदा हजार, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे जुन्या सामानावर आम्हालाही जमेल की!"

जमेल. मलाही जमलं, दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला काय झालं ते कोणी विचारत नाही, म्हणून तेच सांगतो.

टाकी घोडबंदर रोडच्या एका गृहस्थांकडून घेतली. त्यांची बदली झाली होती, सामान काढायची घाई होती. मी स्वतःला हुशार समजत होतो. काच १० मिलिमीटरची आहे ना ते मोजलं, सांध्यातलं सिलिकॉन नखाने दाबून पाहिलं, आणि घरी नेण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाकी दोन दिवस काठोकाठ भरून ठेवली. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, म्हणजे एक थेंब गळला तरी कागदावर दिसणार. गळला नाही. वॉचमनने "साहेब, मासे कुठायत?" असं दोन दिवसांत निदान वीस वेळा विचारलं. १९० लिटर पाणी म्हणजे १९० किलो, वर काचेचे चाळीसेक किलो. एवढं ओझं खोलीच्या मधोमध नको म्हणून बीमखालच्या भिंतीला लावून ठेवली. सगळं कसं शिस्तीत.

टाकीबरोबर त्यांनी दहा-बारा किलो दगड दिले. फुकट. आणि फुकटची वस्तू नाकारणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचाय.

नवी टाकी लगेच मासे ठेवण्याजोगी नसते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना काहीतरी खायला घालावं लागतं. मी बाजारातल्या कोळणीकडून आणलेल्या कोळंबीतली एक टाकीत सोडली. बायको म्हणाली, "एवढी मोठी कोळंबी कुजायला टाकतोस?" पाच आठवड्यांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दोन क्लाउनफिश आणले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे टाकीत वाढवायचं तंत्र कधीच बसवलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेले घेऊ नका, पैदाशीचेच मागा. महिनाभर दोघं मजेत.

मग हौसेने दोन क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंबीचीच एक शोभेची जात, आणल्या. लाल पाठ, मधोमध पांढरा पट्टा, लांबलचक मिशा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तळाशी आडवी. आधी वाटलं, कात टाकली असेल. टाकतात त्या, हुबेहूब स्वतःसारखी. पण कातीच्या आत श्रिंप नसते. संध्याकाळपर्यंत दुसरीही गेली. मासे मात्र ठणठणीत.

जुन्या मालकांना फोन लावला. "हो, माझ्या माशांना पांढरे ठिपके आले होते, तेव्हा कॉपर टाकलं होतं. सगळे वाचले बघा!" आवाजात अभिमान होता, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं. त्या ठिपक्यांच्या परजीवीवर तांब्याचं औषध चांगलं चालतं. पण मासे सोसतात तेवढं तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मारून टाकतं. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच मुळी तांब्याचं असतं, आणि पाण्यातलं जरासं तांबं तिचा जीव घेतं. चुनखडीचे दगड आणि वाळू हे तांबं शोषून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. माझे फुकटचे दगड तेच करत होते.

मासे एका टबमध्ये हलवले, दगड-वाळू टाकून दिली, टाकी व्हिनेगरने घासली (साबण कधीही नाही), तीनदा भरून ओतली आणि तांब्याची चाचणी शून्य दाखवेपर्यंत थांबलो. नवे दगड सिरॅमिकचे घेतले. "मालवणला जातोय, किनाऱ्यावरून चार प्रवाळाचे दगड आणू का?" असं विचारणारे बरेच भेटतात. नका आणू. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ही प्रवाळं आहेत, मेलेली असली तरी.

तांब्यानंतर पाणी. एका रात्री लाईट गेली आणि पहाटे माझा पाय ओल्या सतरंजीवर पडला. पंप बंद झाल्यावर वर पाणी नेणारी नळी उलटी वाहायला लागली होती. तिचं तोंड वरच्या टाकीत खोलवर होतं, संप आधीच भरलेला, मग उरलेलं पाणी दिवाणखान्यात. नळीला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम बोटभर अंतरावर एक भोक पाडलं की पातळी तिथवर उतरताच हवा शिरते आणि धार तुटते. ते भोक का नव्हतं? जुन्या मालकांच्या घरी इन्व्हर्टर होता. त्यांची लाईट कधी गेलीच नाही.

म्हणून जुनं सामान बघायला जाल तेव्हा भावाआधी बाकीचं विचारा: औषध कोणतं घातलं होतं, मासे कशाने गेले, टाकी का मोडताय. काच, स्टँड, स्किमर, पंप जुने चालतात. हीटर जुना नको, तो बिघडला तर मासे उकडतो. तसाही ठाण्यात त्रास थंडीचा नाही, मे महिन्याचा आहे, पाणी २६ अंशांवर ठेवताना पंखे घामाघूम होतात. चाचणीची किट तारीख बघूनच घ्या. आणि खाऱ्या पाण्याशी खेळायचं तर इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारं बटण) बसवून घ्या, यात काटकसर नाही.

मीठही नवंच. "खडेमीठ टाकलं तर?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की लोकलमधून भांडुपची मिठागरं दिसली तरी आठवतो. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचा बराच भाग जिप्सम होऊन आधी खाली बसतो, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमवालं कडू पाणी सोडून देतात. उरतं ते जेवणाचं मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मात्र चारशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम असतं. टाकीचं तयार मीठ हे सगळं धरून बनवलेलं असतं. लिटरला साधारण ३६ ग्रॅम. पाणी आटलं की भर मात्र गोड्या पाण्याची घालायची, कारण आटतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. घरच्या आरओचं घालणार असाल तर बघून घ्या, बऱ्याच मशीन चवीसाठी खनिजं परत मिसळतात.

मागच्या महिन्यात मोठा स्किमर घेतला आणि जुना विकायला काढला. कॉलेजातला एक मुलगा आला, मोटर लावून पाहिली, आवाज ऐकला, "किती कमी कराल?" म्हणाला. त्याने न विचारताच मी त्याला सांगितलं, की यातून एकदा तांब्याचं पाणी गेलंय, व्हिनेगरने धुतलाय, तरी तू आपली चाचणी करून घे. त्याने मान डोलावली आणि लगेच पाचशे रुपये कमी करायला लावले.