आमची वाटचाल : चार देवळं कमी, पण नीट

2008 साली डोंबिवलीत, घराच्या पुढच्या खोलीत आम्ही नवरा-बायकोनं सहलींचं काम सुरू केलं. आधी अष्टविनायक, कोकण, केरळ. 2010 च्या जानेवारीत पहिला गट इजिप्तला नेला, 38 जणांचा. कर्नाकच्या देवळात आम्हाला पन्नास मिनिटं मिळाली. स्थानिक एजंटानं दिलेल्या गाइडनं दारातच सगळं भराभरा सांगून टाकलं आणि बस थेट पपायरसच्या, म्हणजे तिथल्या लव्हाळ्याच्या कागदाच्या, दुकानाशी नेली. तिथे मात्र दीड तास गेला.

रात्री जेवताना गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, "त्या खांबांच्या दालनात काही चित्रं उठावाची आहेत, काही आत खोल कोरलेली. असं का हो?" मला सांगता येईना. गाइड म्हणाला, "कारागिरांची पद्धत." बाई गप्प बसल्या. साठवलेले पैसे मोडून त्या आल्या होत्या, आणि त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, हे मला फार लागलं.

2011 च्या जानेवारीत तिकडे सरकारविरुद्ध लोकांचा उठाव झाला. फेब्रुवारीचा गट रद्द केला, सगळ्यांचे पैसे परत दिले. पुढची काही वर्षं देशातल्या सहलींवरच तगलो.

2014 च्या हिवाळ्यात मी एकटाच लक्सरला, कर्नाकचं देऊळ आहे त्या शहरात, गेलो. रोज एक वेगळा गाइड ठरवायचा आणि त्याच्याबरोबर कर्नाक बघायचं. चौथ्या दिवशी जे गृहस्थ भेटले, त्यांनी 134 खांबांच्या त्या दालनात मला आधी नुसतं उभं केलं. मग मी बाईंचा प्रश्न विचारला. ते मला उत्तरेच्या बाजूला घेऊन गेले: उठावाचं नाजूक काम, पहिला सेती या राजाच्या काळातलं. दक्षिणेला त्याचा मुलगा दुसरा रामसेस, त्याचं काम खोल कोरलेलं, लवकर उरकणारं. काही ठिकाणी रामसेसनं आपलीच आधीची उठावाची चित्रं पुन्हा खोल कोरून घेतली, त्या खुणाही त्यांनी बोटानं दाखवल्या. रात्री हॉटेलवरून बाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चार वर्षं लक्षात ठेवलंत!"

तेव्हापासून हेच आमचे गाइड. तिकडे जाणत्या माणसाला 'उस्ताझ' म्हणतात, आपला उस्तादच तो. सरकारी परवाना तर आहेच, पण दगडावरची चित्रलिपी ते वाचून दाखवतात. आम्ही गट बारा जणांचा केला आणि गटाला दुकानांत नेणं बंद केलं. कर्नाकला सकाळी सहाला, दार उघडताच आत शिरायचं आणि अर्धा दिवस तिथेच काढायचा. दर वाढले, जुनी काही गिऱ्हाइकं गेली. बायको हिशेबाची वही घेऊन बसायची, पण तिनंच सांगितलं, यात आता बदल करायचा नाही.

एकदा एडफूच्या देवळात उस्ताझनी मला विचारलं, तुमच्या देवळात दिवसभर काय चालतं? मी पंढरपूर सांगितलं: काकडा, स्नान, पोशाख, नैवेद्य, शेजारती. ते हसले आणि तिथल्या होरस देवाच्या गाभाऱ्यात पुजारी रोज काय करत, ते सांगू लागले. सकाळी देवाला जागवणं, वस्त्रं, सुगंधी तेल, नैवेद्य! ओपेत नावाच्या उत्सवात अमून देवाची नौका पुजारी खांद्यावर घेत आणि कर्नाकहून लक्सरच्या देवळाकडे नेत, म्हणजे पालखीच. आमच्या माणसांना हे एकदा सांगितलं की पुढचं देऊळ ती आपली आपण बघतात. आत जाताना जमीन चढत जाते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. कुणीतरी हळूच म्हणतं, "सभामंडप संपला."

2020 च्या मार्चपासून काम ठप्प झालं. तिकडे उस्ताझही घरीच बसून होते. मग दर रविवारी ते व्हिडिओवर एकेक देऊळ सांगायचे आणि मी मराठीत उलगडायचो. जुन्या प्रवाशांनी आपणहून पैसे पाठवले. ते सगळे आम्ही उस्ताझना दिले, त्यांचा हक्कच होता तो.

2022 पासून गट पुन्हा जाऊ लागले. सहलीचा शेवट आता आम्ही फिलेला करतो. धरणाच्या पाण्यातून उचलून शेजारच्या बेटावर पुन्हा उभारलेलं हे देऊळ. हेड्रियन या रोमन सम्राटाच्या नावाच्या दारापाशी चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख आहे, 24 ऑगस्ट, इ.स. 394 चा. त्याच्यापुढे उस्ताझ आधी काही बोलत नाहीत. धक्क्यावरून बोटवाला हाका मारत असतो. मी पुढे जाऊन त्याला थांबायला सांगतो.